मिरचीचा मागचा पत्ता

लिओनहार्ट फुक्स हा जर्मनीतल्या ट्युबिंगेन विद्यापीठात शिकवणारा वैद्य. १५४२ साली त्यानं वनस्पतींवरचा एक जाडजूड सचित्र ग्रंथ बाझेलला छापून घेतला. त्यात मिरचीची चित्रं आहेत आणि ती इतकी नेमकी आहेत की आपल्या मंडईतल्या कुणालाही दाखवली तरी लगेच ओळखेल. गंमत नावात आहे. फुक्सनं तिला कालिकतची मिरी म्हटलंय. हे झाड भारतातून आलं अशी त्याची समजूत होती. तो आणखी एक गोष्ट नोंदवतो. काही वर्षांपूर्वीपर्यंत कुणाला ठाऊक नसलेलं हे झाड आता जर्मनीत जिकडेतिकडे मातीच्या कुंड्यांमध्ये लावलेलं दिसतं, असं तो सांगतो.

म्हणजे कोलंबस परतल्यानंतर अवघ्या पन्नास वर्षांत मिरची युरोपच्या खिडक्यांत पोचली होती. मसाला म्हणून तिकडं तिची फारशी किंमत नव्हती. लाल फळं दिसायला छान म्हणून, औषधी म्हणून, नवलाई म्हणून लोक ती कुंडीत लावत होते.

मी ठाण्याच्या वर्तकनगरमध्ये राहतो. कॉम्प्युटर इंजिनिअरिंग केलंय आणि सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. घराच्या खिडकीच्या ग्रिलमध्ये अकरा कुंड्या आहेत, त्यातल्या सात मिरचीच्या. झाडं नीट कशी वाढवायची हे शोधता शोधता मी मिरचीच्या इतिहासात शिरलो आणि मला एक प्रश्न सुटेना. आपल्या जेवणाचा इतका कायापालट करणाऱ्या या पिकाच्या आगमनाची साधी नोंदसुद्धा इतकी कमी का? त्याचं मला पटलेलं उत्तर कुंडीतच सापडलं.

प्रत्येकानं शेवटचं स्टेशन लिहिलं

मिरची मूळची अमेरिका खंडातली. मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेपर्यंत निरनिराळ्या लोकांनी तिच्या निरनिराळ्या जाती माणसाळवल्या. इक्वेडोरमध्ये सापडलेल्या स्टार्चच्या कणांवरून तिचा वापर सहा हजार वर्षांपूर्वीपर्यंत मागं नेता येतो. कोलंबस निघाला होता काळ्या मिरीच्या शोधात. १५ जानेवारी १४९३ च्या रोजनिशीत, इथल्या लोकांची 'आही' ही त्यांची मिरीच आहे आणि आपल्या मिरीपेक्षा सरस आहे, अशा अर्थाची नोंद सापडते. तिथपासून मिरीचं नाव मिरचीला जे चिकटलं ते आजतागायत. इंग्रजीत दोन्हींना पेपर म्हणतात. आपल्याकडेही मिरीवरूनच मिरची झाली.

पुढं ती जिथं जिथं गेली, तिथं लोकांनी तिला मागच्या मुक्कामाचं नाव दिलं. जर्मन वैद्यानं कालिकतची म्हटलं. युरोपात काही ठिकाणी ती तुर्की मिरी झाली. क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञानं ब्राझीलच्या पेर्नांबुकोचं नाव घेतलं. मुंबई इलाख्यात तिला गोवाई मिरची म्हणत. १७७६ मध्ये जाक्विन या शास्त्रज्ञानं तिच्या एका अमेरिकन जातीला चक्क चिनी ठरवून 'कॅप्सिकम चायनेन्स' असं नाव दिलं. ते अजून बदललेलं नाही. आपल्या ईशान्येकडची भूत जोलोकिया याच गोतावळ्यातली. आणि आपण? ढोबळ्या मिरचीला शिमला मिरची म्हणतो. ठाण्याचा भाजीवाला ही 'शिमला' कुठून आली सांगतो तेव्हा उत्तर बहुतेकदा नाशिक किंवा पुणे असतं.

थोडक्यात, मिरचीच्या पाकिटावर प्रत्येकानं मागचा पत्ता लिहिला. मूळ पत्ता कुणालाच ठाऊक नव्हता, आणि माहीत करून घेण्याची गरजही कुणाला वाटली नाही.

ज्या पिकाची जकात नव्हती

पोर्तुगीज १४९८ मध्ये कालिकतला उतरले आणि १५१० मध्ये त्यांनी गोवा घेतलं. काळ्या मिरीचा व्यापार ही पोर्तुगीज राजाची मक्तेदारी होती. तिचं वजन, तिची जहाजं, तिचे करार या सगळ्याचे कागद आहेत. जायफळाचं तर विचारूच नका. त्याच्या मक्तेदारीसाठी डचांनी १६२१ मध्ये बांदा बेटांवर कत्तल केली. लवंगेची झाडं ठरावीक बेटांपलीकडं दिसली की ती उपटून टाकायची मोहीम चाले.

मिरचीसाठी असं काहीच घडलं नाही, कारण घडणं शक्यच नव्हतं. मिरीचा वेल सहसा फाट्यांपासून लावतात, त्याला सावली, दमट हवा आणि आधाराचं झाड लागतं आणि फळ यायला तीनेक वर्षं जातात. मिरचीचं वाळलेलं फळ म्हणजे मसालाही आणि बियाण्याची पिशवीही. एका फळात डझनावारी बिया. त्या कोरड्या राहिल्या तर दोन-तीन वर्षं टिकतात, म्हणजे कुठल्याही समुद्रप्रवासापेक्षा जास्त. पेरल्यावर तीन-साडेतीन महिन्यांत तोडा सुरू. जो विकत घेतो त्यालाच ती पिकवता येते. अशा मालावर मक्तेदारी कशी बसवणार? एकदा विकला की गिऱ्हाईकच पुढच्या वर्षी तुमचा स्पर्धक!

आमच्या धंद्यातल्या माणसाला हे ओळखीचं वाटेल. प्रोग्रॅमबरोबर त्याचा सोर्स कोडही द्यावा लागला तर तो कॉपी होतो, बदलतो, गावोगाव पसरतो आणि कुणाच्याच हिशेबाच्या वहीत येत नाही. मिरचीचा सोर्स कोड फळाच्या आतच होता.

म्हणून तिची नोंद नाही. गार्सिया द ओर्ताचं उदाहरण घ्या. हा पोर्तुगीज वैद्य १५३४ पासून गोव्यात होता. मुंबई बेट त्याच्याकडे भाडेपट्ट्यानं होतं. १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या त्याच्या ग्रंथात मिरी, आलं, वेलदोडा, हिंग, नारळ, आंबा अशा कितीतरी गोष्टींवर संवाद आहेत. मिरचीवर स्वतंत्र संवाद नाही. सोळाव्या शतकाच्या अखेरच्या 'ऐन-ए-अकबरी'त मुदपाकखान्यातल्या पदार्थांच्या याद्या मापांसह दिल्या आहेत. तिखटासाठी तिथं काळी मिरी आहे, मिरची नाही. पंडितांच्या आणि बादशहांच्या कागदांत ती नव्हती, तेव्हा ती कुठं होती? माझ्या मते परसात, उंबऱ्याशी, फुटक्या मडक्यात. जी वस्तू बाजारात यायच्या आधीच घरोघर उगवते, तिची जकात कोण घेणार आणि नोंद कोण ठेवणार?

ठाणं स्वतः सोळाव्या शतकापासून १७३७ पर्यंत पोर्तुगीजांकडे होतं. गोव्याहून वसई, वसईहून ठाणं. इथं बी कुठल्या वाटेनं आलं असेल याचा अंदाज बांधायला फार डोकं लागत नाही. मोल्सवर्थचा मराठी कोश १८५७ मध्ये दुसऱ्यांदा निघाला तोवर मिरची पूर्ण मराठी झाली होती. इतकी मराठी की दृष्ट काढताना मीठ-मोहऱ्यांबरोबर लाल मिरच्या आल्या आणि दुकानाच्या दारावर लिंबाखाली ती टांगली गेली. उपासाला हिंग चालत नाही अशा घरांतही खिचडीत हिरवी मिरची चालते. आठवण राहिली ती एखाद्या कोपऱ्यात. दक्षिणेत कित्येक घरांत श्राद्धाच्या स्वयंपाकात अजून मिरची वापरत नाहीत, मिरीच वापरतात. पितरांना जुनीच चव द्यायची, एवढं भान तिथं टिकलंय.

नावापुरती वर्षायू

कुंडीतली मिरची वर्षभरानं उपटून टाकायची असं बरेच जण मानतात. त्यामागंही इतिहास आहे. लिनिअसनं १७५३ मध्ये तिचं नाव ठेवलं 'कॅप्सिकम ॲन्युम', म्हणजे एका वर्षात जगून मरणारी. लिनिअस त्याआधी हॉलंडमध्ये जॉर्ज क्लिफर्डच्या बागेत काम करत होता. क्लिफर्ड श्रीमंत सावकार आणि डच ईस्ट इंडिया कंपनीचा संचालक. त्याच्या बागेत उष्ण देशांतल्या झाडांसाठी ऊब दिलेली घरं होती. त्या घरांबाहेर मिरचीला युरोपातला हिवाळा सोसत नसे, पहिल्या कडक थंडीत ती मरे.

ठाण्यात तिला मरायचं कारण नाही. मिरची मुळात बहुवर्षायू झुडूप आहे. खालचं खोड हळूहळू लाकडासारखं होतं. माझ्याकडचं एक झाड तिसऱ्या वर्षात आहे. पावसाळ्याआधी फांद्या एकतृतीयांश राखून छाटतो, वरची दोन इंच माती बदलतो, शेणखत घालतो; पाऊस ओसरला की नवे फुटवे येतात. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेची 'पुसा सदाबहार' ही जात तर दोन-तीन वर्षं फळं द्यावीत म्हणूनच निवडलेली आहे. तिची फळं झुपक्यानं, वर तोंड करून येतात. शेतकरी दरवर्षी नवी लागवड करतो ते उत्पादन घटतं आणि रोग साचतो म्हणून. खिडकीत हिशेब वेगळा असतो. तिथं जुनं झाड ठेवायला हरकत नाही.

काचेतून प्लास्टिकमध्ये

हरितगृहाची कल्पना जुनी. रोमन लेखक प्लिनी सांगतो की सम्राट टायबेरियसला रोज काकडीसारखं एक फळ लागे, म्हणून चाकांवरचे वाफे उन्हात ढकलत आणि थंडीत पारदर्शक दगडाच्या पातळ तावदानांखाली घेत. पुढं श्रीमंतांची काचघरं आली. इंग्लंडमध्ये १८४५ मध्ये काचेवरचा कर उठला आणि १८५१ मध्ये माळीकाम करून वर आलेल्या जोसेफ पॅक्स्टननं लंडनमध्ये क्रिस्टल पॅलेस उभा केला. पण काच गरिबाची कधीच नव्हती. अमेरिकेतल्या केंटकी विद्यापीठाचे प्राध्यापक एमरी एमर्ट यांना काचघर परवडेना. १९४८ मध्ये त्यांनी लाकडी सांगाड्यावर सेलोफेन ताणलं. प्लास्टिकच्या हरितगृहाची सुरुवात तिथून मोजतात. आज स्पेनच्या अल्मेरिया भागात सुमारे ३० हजार हेक्टरवर प्लास्टिक पसरलंय, अवकाशातून पांढरा डाग दिसतो, आणि त्याखालच्या मुख्य पिकांत एक आहे ढोबळी मिरची.

या सगळ्या इतिहासात हरितगृहाचं काम एकच आहे: ऊब धरून ठेवणं. महाराष्ट्रात ते उलटं होतं. आपल्याला ऊब हाकलायची असते. ढोबळ्या मिरचीला दिवसा पंचवीस-सत्तावीस अंश आणि रात्री अठरा-वीस अंश मानवतात. पारा पस्तिशीकडं गेला की परागकण निकामी होतात आणि फुलं देठापासून गळतात. म्हणून आपल्या पॉलीहाऊसला छताशी उघडी फट ठेवतात, आतून सावलीची जाळी ओढतात, फॉगरनं धुकं सोडतात. प्लास्टिक असतं ते पावसाचे थेंब आणि किडे बाहेर ठेवायला.

सावली करून नाजूक झाड जपायची विद्या आपल्याला नवी नाही. पानमळा म्हणजे दुसरं काय? पश्चिम महाराष्ट्रात शेवरी, शेवगा, पांगारा लावून त्यांच्या सावलीत पानवेल चढवतात, चहूबाजूंनी ताट्या लावून वारा अडवतात. ऊन गाळणारी, ओल धरणारी ती रचना कुणाच्या पेटंटशिवाय शतकानुशतकं चालत आली. तिच्यात आणि पॉलीहाऊसमध्ये तत्त्वाचा फरक थोडा आहे, पैशाचा फार आहे.

कागदावर आलेली मिरची

१९९१ नंतर तळेगाव दाभाडे, मावळ भागात निर्यातीच्या गुलाबांसाठी पॉलीहाऊस उभी राहिली. तळेगावातच कृषी पणन मंडळाच्या केंद्रात शेतकऱ्यांना प्रशिक्षण मिळू लागलं. २००५-०६ मध्ये राष्ट्रीय फलोत्पादन अभियान सुरू झालं, अनुदान आलं आणि गुलाब-जरबेराच्या शेजारी लाल-पिवळी ढोबळी मिरची आली. 'बॉम्बी' लाल, 'ओरोबेल' पिवळी, 'इंद्रा' हिरवी, अशी वाणांची नावं शेतकऱ्यांच्या तोंडी बसली.

हे पीक म्हणजे शिस्तीचं काम. उंच गादीवाफे, ठिबक, दोन ओळींत नागमोडी लागण. रोपाला दोन किंवा चार फांद्या ठेवायच्या, बाकीचे फुटवे खुडायचे, प्रत्येक फांदी सुतळीनं वरच्या तारेला बांधायची. पहिलं फूल बहुधा काढून टाकतात, म्हणजे झाड आधी अंग धरतं. आठ-नऊ महिने तोडे चालतात.

आता पैशाचं बघू. केंद्राच्या २०१४ च्या निकषांत साध्या हवेशीर पॉलीहाऊसचा खर्च आकारानुसार चौरस मीटरला साधारण ८४४ ते १०६० रुपये धरला होता. दहा गुंठ्यांचं, म्हणजे सुमारे हजार चौरस मीटरचं पॉलीहाऊस नऊ-साडेनऊ लाखांवर जातं. अनुदान निम्मं, उरलेल्याला बँक. वर रोपं, गादीवाफे, खतं, मजुरी. २०० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद उन्हानं तीनेक वर्षांत थकतो, तो बदलायचा खर्च वेगळा. बियाणं ग्रॅमवर नाही, बिया मोजून विकलं जातं, आणि ते संकरित असतं. त्या फळातलं बी धरून पेरलं तर पुढची झाडं एकसारखी येत नाहीत. कुठं फळ लहान, कुठं भिंत पातळ. २००१ च्या पीक वाण संरक्षण कायद्यानं शेतकऱ्याला बी राखायचा, पेरायचा, देवाणघेवाणीचा हक्क दिलाय. कायदा आडवा येत नाही. संकरित बियाण्याची घडणच आडवी येते.

आणि गिऱ्हाईक? लाल-पिवळी मिरची घेतात हॉटेलं, पिझ्झावाले, लग्नाचे केटरर. २५ मार्च २०२० पासून देश बंद झाला तेव्हा हे तिन्ही एकाच दिवशी थांबले. पाठोपाठ ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं आणि मावळात पॉलीहाऊसचे कागद फाटले. त्याआधीही कर्जात रुतलेले पॉलीहाऊसवाले शेतकरी कर्जमाफीसाठी रस्त्यावर आले होते. शेततळं, पॉलीहाऊस म्हणजे बडा शेतकरी, असं समजून त्यांना यादीबाहेर ठेवलं जातं, ही त्यांची तक्रार होती.

पॉलीहाऊस वाईट असं मला म्हणायचं नाही. उघड्यावर औषधांचे फवारे वाढत जातात, आत कमी पाण्यात आणि कमी फवारणीत चांगला माल निघू शकतो. आमच्याच जुन्या ठाणे जिल्ह्यात, २०१४ पासून पालघरमध्ये, डहाणूजवळ वाणगाव-चिंचणी भागात मिरची आणि ढोबळी मिरची हिवाळ्यात उघड्या शेतातही होते. समुद्राच्या वाऱ्यानं तिथं थंडी सौम्य असते. अवकाळी पाऊस आला की तेही शेतकरी आकाशाकडं बघतात. छत असो वा नसो, धोका आहेच. मुद्दा इतकाच, की चारशे-साडेचारशे वर्षं ज्या पिकानं कुणाला कागद लिहू दिला नाही, ते पॉलीहाऊसमध्ये शिरलं तेव्हा पहिल्यांदा पूर्ण कागदावर आलं: सातबारा, कर्जखतं, अनुदानाचा प्रस्ताव, बियाण्याची पावती. इतिहासकाराला आता मिरचीचे भरपूर पुरावे मिळतील. ते बरेचसे थकबाकीचे असतील.

वर्तकनगरची खिडकी

वर्तकनगर म्हणजे मूळची म्हाडाची वसाहत. पोखरण रोडवर रेमंडची गिरणी होती, ती बंद झाली आणि तिच्या जमिनीवर टॉवर आले. मागं येऊरचा डोंगर. जुन्या इमारतींच्या खिडक्यांना लोकांनी बाहेर काढलेली लोखंडी ग्रिल्स आहेत आणि त्यांत तुळस, कढीपत्ता, गवती चहा, मिरची. त्या ग्रिलला पॉलीहाऊसचा अगदी धाकटा भाऊ म्हणता येईल. वर छज्जा, बाजूला भिंत, समोर हवा.

इंजिनिअर असल्यामुळं मी तिथं तापमानाचे दोन सेन्सर लावले. एप्रिलच्या दुपारी बाहेर छत्तीस अंश असताना काळ्या प्लास्टिकच्या कुंडीतली माती ४४ अंशांवर गेली होती, शेजारच्या भाजक्या मातीच्या कुंडीतली ३७ वर. मातीची कुंडी पाझरते, त्यातून ओल उडते आणि ती थंड राहते, माठाचंच तत्त्व. उन्हाळ्यात फुलगळ होते तेव्हा आपण खत वाढवतो. पण झाडाची तक्रार बहुतेकदा उष्णतेची असते. दुपारचं ऊन जुन्या पांढऱ्या ओढणीनं अडवलं आणि कुंडीवर पालापाचोळ्याचा थर दिला की पुष्कळ फरक पडतो.

बाकी गोष्टी साध्या आहेत. कुंडी दहा-बारा इंचाची, तळाला मोकळी भोकं. माती, शेणखत किंवा गांडूळखत आणि कोकोपीट सारख्या भागांत, वर मूठभर निंबोळी पेंड. पाणी बोट खुपसून बघून, वरची माती कोरडी झाल्यावर; मुळं रोज ओली राहिली की कुजतात आणि रोप उभ्या उभ्या मान टाकतं. ठाण्याचा पाऊस मिरचीचा वैरी. सप्टेंबरअखेर रोपं करावीत, थंडीत फुलं धरतात. मिरचीचं फूल स्वतःच फळतं. वारा नसलेल्या कोपऱ्यात सकाळी फांदीला हलकी टिचकी मारली तरी पुरते.

पानं आकसली की सगळे बोकड्या झाला म्हणतात, काही जण चुरडा-मुरडा म्हणतात. पण पान नीट पाहावं. कडा वर वळून होडी झाली असेल तर बहुधा फुलकिडे. कडा खाली वळून उलटी होडी असेल तर कोळी. पानं बारीक, गुच्छासारखी, झाडच खुरटं असेल तर पांढऱ्या माशीनं आणलेला विषाणू. पहिल्या दोन्हींवर पानांची खालची बाजू पाण्याच्या फवाऱ्यानं धुणं आणि निंबोळी तेल उपयोगी पडतं. तिसऱ्यावर इलाज नाही, ते झाड काढून टाकावं. फुलकिडे किती चिवट असतात हे २०२१ मध्ये तेलंगण आणि आंध्रातल्या मिरचीवाल्यांनी पाहिलं. बाहेरून आलेल्या एका नव्या फुलकिडीनं तिथं उभी शेतं बसवली. मिरचीसारखंच किडीलाही पासपोर्ट लागत नाही.

शहरात अन्न पिकवण्याचं काम मुंबईत नवं नाही. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी प्रयोग परिवारातून सामान्य माणसाला प्रयोग करायला शिकवलं. त्यांच्या विचारांवरून मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या अधिकारी प्रीती पाटील यांनी २००२ च्या सुमारास तिथल्या गच्चीवर, स्वयंपाकघराच्याच ओल्या कचऱ्यातून भाजीपाला उभा केला. गच्चीवर मातीच्या ओझ्याची भीती असते, म्हणून तिथं पालापाचोळ्यावर भर होता. त्या कामात कुणी कुणाला काही विकत नव्हतं.

बी

आमच्या इमारतीचा पुनर्विकास ठरलाय. नव्या नकाशात खोल्या मोठ्या आहेत, लिफ्ट आहे, गाड्यांना जागा आहे. खिडक्यांना बाहेरची ग्रिल्स लावायला परवानगी नाही, दर्शनी बाजू एकसारखी दिसावी म्हणून. माझा त्याला विरोध नाही. चौथ्या मजल्यावर जिने चढणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना लिफ्ट हवीच. पण बैठकीत चौरस फुटांचा हिशेब चालू असताना माझ्या लक्षात आलं की ग्रिलमधल्या या पिकांचा उल्लेख कुठल्याच कागदात नाही. सर्वेक्षणात खोल्या मोजल्या, माळे मोजले, पोटभाडेकरू मोजले. कुंड्या कुणी मोजल्या नाहीत. मिरचीचा पाचशे वर्षांचा इतिहास असाच मोजणीबाहेर राहिला आणि म्हणूनच तो टिकलाही.

माझ्या सातपैकी दोन झाडांचं बी आजीचं, वेंगुर्ल्याचं. आखूड, जाड, फार तिखट नाही, वाळल्यावर रंग गडद. तिला नाव नाही. आजी तिला नुसतं घरची मिरची म्हणते. गोव्यातल्या काणकोणच्या खोला मिरचीला अलीकडं भौगोलिक मानांकन मिळालं, विदर्भात भिवापूरच्या मिरचीलाही. ते चांगलंच झालं. पण जिला गावाचंसुद्धा नाव नाही अशा मिरच्यांना मानांकन कोण देणार? त्यांना टिकवायचा मार्ग एकच, पेरत राहणं.

त्याची रीत आजीनं सांगितली ती अशी. सगळ्यात निरोगी झाडाचं दुसऱ्या-तिसऱ्या बहराचं फळ झाडावरच पूर्ण लाल होऊ द्यायचं. सावलीत वाळवायचं. बी काढून चुलीच्या राखेत घोळून कागदाच्या पुडीत ठेवायचं. मी यात एकच भर घातली. मिरचीत मधमाश्यांमुळं शेजारच्या वाणाशी संकर सहज होतो, म्हणून बी धरायच्या फांदीला फुलण्याआधी मलमलीची पिशवी बांधतो.

गेल्या हिवाळ्यात मजल्यावरच्या पाच घरांना मी ही रोपं दिली. इमारत पाडली की तीन वर्षं आम्ही विखुरणार. कुणी लोकमान्यनगरला, कुणी डोंबिवलीला, एक कुटुंब बदलापूरला भाड्यानं जागा बघतंय. तिथं ज्याला जशी खिडकी मिळेल तशी कुंडी ठेवता येईल. मी बियांच्या पुड्या बांधायला घेतल्यात. पुडीवर वर्ष लिहितो आणि बी कुठून आलं तेवढं लिहितो: वेंगुर्लं, मग वर्तकनगर. पुढचं नाव ज्याच्याकडं उगवेल त्यानं लिहावं.